अपील न्यायालय आणि एका शब्दाचा अर्थ

फौजदारी न्यायव्यवस्थेत पहिला निकाल हा अखेरचा निकाल नसतो. सत्र न्यायालयाने दोषी ठरविलेल्या व्यक्तीस उच्च न्यायालयाकडे अपील करता येते. न्यायाधीशाच्या हातूनही चूक होऊ शकते, ही जाणीव या तरतुदीच्या मुळाशी आहे. अपील न्यायालयासमोर साक्षीदार सहसा पुन्हा उभे राहत नाहीत. नोंदविलेल्या जबान्या, उलटतपासणी, वैद्यकीय अहवाल आणि खालच्या न्यायालयाचे निकालपत्र एवढ्यावरून त्याला दोन प्रश्नांची उत्तरे शोधावयाची असतात. आरोपात सांगितलेली घटना पुराव्याने निःसंशय सिद्ध होते काय? आणि सिद्ध झालेली घटना कायद्याच्या कोणत्या कलमात बसते?

बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांत पहिला प्रश्न विशेष बिकट असतो, कारण पुष्कळदा ते मूल हेच एकमेव साक्षीदार असते. साक्ष देताना ते कोठे अडखळले, कोठे गप्प झाले, हे कागदावर पुरतेपणी उतरत नाही. म्हणून ज्या न्यायाधीशाने त्याला प्रत्यक्ष पाहिले व ऐकले, त्याच्या मताला अपील न्यायालय वजन देते. परंतु दुसरा प्रश्नही तितकाच निर्णायक ठरू शकतो. नागपूर येथील एका खटल्यात तसेच घडले.

डिसेंबर २०१६ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीला पेरू देण्याच्या मिषाने एका इसमाने आपल्या घरी नेले व तिच्याशी लैंगिक हेतूने अंगलट केली. सत्र न्यायालयाने २०२० मध्ये त्याला ‘लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’ याखाली दोषी ठरविले. या अधिनियमाच्या कलम ७ मध्ये लैंगिक हेतूने केलेला स्पर्श व शारीरिक संपर्काचे अन्य कृत्य यांना लैंगिक हल्ला म्हटले आहे. कलम ८ अन्वये त्यास किमान तीन वर्षांची शिक्षा आहे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये या कलमातून त्याची मुक्तता केली. मुलीच्या अंगावर हात टाकल्याची घटना न्यायालयाने अमान्य केली नव्हती. मात्र मुलीचे कपडे दूर केलेले नसल्याने त्वचेचा त्वचेशी संबंध आला नाही, सबब हा लैंगिक हल्ला नव्हे, असा अर्थ लावण्यात आला. भारतीय दंड संहितेखालील विनयभंगाची एक वर्षाची शिक्षा शिल्लक राहिली. हा अर्थ मान्य झाला असता, तर कपड्यांवरून केलेले असे प्रत्येक कृत्य कलम ७ च्या बाहेर गेले असते.

या निकालाविरुद्ध देशाच्या महान्यायवाद्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती उदय लळित, एस. रवींद्र भट व बेला त्रिवेदी यांनी उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला. या गुन्ह्याचे मर्म लैंगिक हेतूत आहे, त्वचेच्या संपर्कात नाही. आणि ज्या अर्थाने कायद्याचा उद्देशच निष्फळ होतो, तो अर्थ स्वीकारता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. तीन वर्षांच्या सश्रम कारावासाची शिक्षा कायम झाली.

अपिलाचा हक्क निरपराध्याला तुरुंगापासून वाचवितो, म्हणून तो अबाधितच राहिला पाहिजे. परंतु अपील न्यायालयाच्या लेखणीतून एका शब्दाचा जो अर्थ उमटतो, तो एका आरोपीपुरता राहत नाही. पुढील अनेक खटल्यांत खालची न्यायालये तोच प्रमाण मानतात. या खटल्यात तो अर्थ दुरुस्त होईपर्यंत घटनेला सुमारे पाच वर्षे उलटली होती. साक्ष देणारी बारा वर्षांची मुलगी तोवर सतरा वर्षांच्या आसपास पोहोचली होती.