टाइप-सी : तोंड एक, कामं वेगळी

‘लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट आहेत. एकावर चार्जिंग होतं, दुसऱ्यावर नाही. बिघाड आहे का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. बहुधा बिघाड नसावा. टाइप-सी हे फक्त आकाराचं नाव. आत कोणत्या सोयी द्यायच्या, हे कंपनी ठरवते. एक पोर्ट नुसता डेटा नेतं, दुसरं लॅपटॉप चार्ज करतं, मॉनिटरही चालवतं. वेग सेकंदाला ४८० मेगाबिटपासून ४० गिगाबिटपर्यंत, किंवा त्याहूनही जास्त असू शकतो.

या इवल्याशा पोर्टात २४ पिना असतात, १२ वर आणि १२ खाली. त्यातल्या दोन मला फार आवडतात. त्यांना ‘सीसी’ म्हणतात. पोर्टात त्या दोन असल्या तरी केबलमधून सीसीची तार एकच जाते. समोरच्या उपकरणात ५.१ किलोओहमचा रेझिस्टर असतो. त्यामुळे ज्या पिनेवरचा व्होल्टेज बदलतो, त्यावरून केबल सुलटी लागली की उलटी, हे कळतं. पुढची बोलणीही याच तारेवर होतात. सुरुवात ५ व्होल्टने. मग चार्जर आपण किती देऊ शकतो ते सांगतो आणि लॅपटॉप हवं ते मागतो. म्हणूनच २० व्होल्ट देऊ शकणाऱ्या चार्जरवर इयरफोन लावले तरी जळत नाहीत. मात्र ३ अँपिअरच्या वर जायचं तर केबलमध्येही ओळख सांगणारी चिप लागते. ती नसेल तर १०० वॉटचा चार्जरही ६० वॉटवरच थांबतो.

१९९६ साली यूएसबी आलं तेव्हा ते दोन्ही बाजूंनी का लागत नव्हतं? ते घडवणाऱ्या इंटेलच्या गटाचे प्रमुख, मूळ वडोदऱ्याचे अजय भट्ट, यांनी पुढे सांगितलं की तारा आणि सर्किट दुप्पट झाली असती, खर्चही दुप्पट. मला तो निर्णय बरोबरच वाटतो. महाग यूएसबी कोणी लावलंच नसतं. उलटसुलट चालणारं टाइप-सी यायला २०१४ उजाडलं.

राग येतो तो नावांचा. ५ गिगाबिटचं यूएसबी ३.० आधी ‘३.१ जेन १’ झालं, मग ‘३.२ जेन १’. वेग तोच! दुकानात ग्राहकाने काय समजायचं?

युरोपीय संघाने नव्या लॅपटॉपसाठी टाइप-सी चार्जिंग सक्तीचं केलं, त्याची तारीख २८ एप्रिल २०२६ ठरवली. पण सक्ती चार्जिंगपुरती आहे. मॉनिटर चालेल का, डेटाचा वेग किती, हे घेण्याआधी त्या मॉडेलच्या तपशिलात पोर्टनिहाय पाहावं.