वायरलेस गप्प आहे, पण त्याला ऐकू येतंय का?

आजचा भाग समुद्रावर जाणाऱ्यांसाठी आहे. पण घरात एलईडी दिवा लावला की ज्यांचा रेडिओ खरखरायला लागतो, त्यांनीही ऐकायला हरकत नाही. दुखणं तेच आहे.

प्रश्न आलाय रत्नागिरीहून. ट्रॉलरवर नवे एलईडी दिवे बसवले, तेव्हापासून लांबच्या बोटींचं बोलणं व्हीएचएफवर येत नाही. जवळच्यांचं मात्र खणखणीत येतं. सेट बदलायचा का?

थांबा. पैसे खर्च करण्याआधी दिवे बंद करून बघा.

आता हे असं का होतं? एलईडीला बॅटरीचा करंट थेट देत नाहीत. मध्ये एक छोटं सर्किट असतं, ड्रायव्हर म्हणतात त्याला. ते सेकंदाला हजारो वेळा, कधी लाखो वेळा करंट चालू-बंद करतं. मोबाइलचा चार्जर, २४ व्होल्टचे १२ करणारा कन्व्हर्टर, इन्व्हर्टर, सोलरचा कंट्रोलर, सगळ्यांची तीच तऱ्हा. या उघडझापीतून नको असलेल्या रेडिओलहरी तयार होतात आणि त्या पार व्हीएचएफपर्यंत पोचतात. दिव्याची वायर अँटेनासारखी वागते आणि त्या बाहेर फेकते. सागरी व्हीएचएफ १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. त्या भागात कचरा पडला की ऐकणं अवघड होतं.

जेटीवर मासळीचा लिलाव चालू असताना कुणी पलीकडच्या बोटीवरून साध्या आवाजात हाक मारली, तर ऐकू येईल का? नाही. कान चांगले आहेत, हाकही आली, पण गलबल्यात बुडाली. शेजारी उभा असलेला ओरडला तर मात्र ऐकू येतं. म्हणूनच जवळच्या बोटीला विचारून केलेली ‘रेडिओ चेक’ इथे फसवते. जवळचा सिग्नल जोरदार असतो, तो गलबला कापून येतो. तुमचा आवाजही त्याला नीट जातो, कारण बिघाड पाठवण्यात नाहीच, ऐकण्यात आहे.

त्यात स्क्वेल्चची भर. खरखर कानावर येऊ नये म्हणून आपण तो नॉब घट्ट फिरवून ठेवतो. मग सेट शांत, आपणही निवांत. पण तेवढ्यात कुणाची बोट पाणी घेत असेल आणि तो हातातल्या ५ वॅटच्या सेटवरून मदत मागत असेल, तर त्याची हाक तुमच्यापर्यंत येऊन विरून जाईल. तुमच्या दिव्याची किंमत दुसराच कुणी मोजेल, आणि तुम्हाला कळणारही नाही.

हे कल्पनेतलं नाही, बरं का. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ साली यावर सुरक्षा सूचना काढली. एका जहाजाशी व्हीएचएफवर संपर्कच होईना, आणि त्याच जहाजाची एआयएसही नीट पकडत नव्हती. इतर जहाजांवर एलईडीच्या नेव्हिगेशन दिव्यांमुळे ऐकणं मंदावल्याचं आढळलं. एआयएस १६२ मेगाहर्ट्झच्या अगदी जवळ चालते, म्हणजे शेजारचंच घर. लांबची जहाजं पडद्यावरून गायब आणि जवळची दिसतायत, असं झालं तर हीच शंका घ्या.

आता तपासणी. बोट जेटीपासून जरा लांब न्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या यंत्रांचा गोंधळ मध्ये येणार नाही. नांगर टाका, इंजिन बंद करा. सगळं बंद करून फक्त व्हीएचएफ बॅटरीवर चालू ठेवा.

एक. शांत चॅनल निवडा. १६ आणि ७० नको. स्क्वेल्च सैल करत खरखर येऊ द्या, मग ती जेमतेम थांबेल एवढाच आवळा. आता एकेक वस्तू चालू करा : डोलकाठीवरचा दिवा, डेकचे दिवे, केबिनमधला चार्जर, फिश फाइंडर, इन्व्हर्टर, पंप. जी चालू केल्यावर खरखर फुटेल, ती चोर. सगळ्यात शेवटी इंजिन.

दोन. खरखर फुटली नाही तरी निर्धास्त होऊ नका. ओळखीच्या बोटीला लांब जाऊन १ वॅटवर, कामकाजाच्या चॅनलवर, आकडे मोजायला सांगा. आवाज जेमतेम कळेल एवढं अंतर ठेवा. तो मोजत असताना तुम्ही दिवा लावा. आकडे बुडाले तर उत्तर मिळालं. दिवा बंद केल्यावर ते परत आले, तर खात्रीच झाली.

तीन. कचरा कुठून शिरतोय ते बघा. चोर चालू ठेवा आणि सेटमागची अँटेनाची केबल काढा. केबल काढलेली असताना बोलायचं बटण दाबू नका, सेट जळू शकतो. खरखर गेली तर ती अँटेनातून येत होती. राहिली तर सप्लायच्या वायरीतून येतेय. इंजिनचा वेग वाढला की शिट्टीही चढत असेल, तर आल्टरनेटरकडे बघा.

उपाय त्यानुसार. अँटेनातून येत असेल तर दिवा आणि अँटेना यांच्यात अंतर वाढवा. दोघांच्या वायरी एकत्र बांधू नका. दिव्याच्या वायरीवर, दिव्याच्या अगदी जवळ, व्हीएचएफला चालणारं फेराइट बसवा. संगणकाच्या केबलवर तो जाडसर मणी दिसतो ना, तेच फेराइट. तरीही भागत नसेल तर तो दिवा काढून सागरी वापरासाठी तपासलेला दिवा लावा. सप्लायमधून येत असेल तर सेटला फ्यूजसह थेट बॅटरीपासून वेगळी लाइन द्या आणि अर्थिंगचे जोड घासून साफ करा.

आणि सगळं बंद ठेवूनही लांबचं येत नसेल, तर अँटेनाचा कनेक्टर उघडा. खाऱ्या हवेने आत हिरवट गंज धरला असेल, तर बिचाऱ्या दिव्यांचा दोष नाही.

एक विनंती. तपासणी होईपर्यंत नेव्हिगेशन दिवे बंद ठेवून रात्री बोट हाकू नका. ऐकू यावं म्हणून दिसेनासं व्हायचं, हा सौदा महागात पडेल. पावसाळी बंदी संपताना जाळी आणि इंजिन बघता, तेव्हाच हे अर्ध्या तासाचं काम उरकून घ्या. नवा दिवा, नवा चार्जर बोटीवर आला की पुन्हा एकदा.

रत्नागिरीकर, काय सापडलं ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच.