परदेशातले बिऱ्हाड : वस्ती कोणती निवडावी?

भिवापूरसारख्या गावात हा विषय कशाला, असे काही श्रोत्यांच्या मनात आले असेल. ज्या गावाची ओळख मिरचीवरून, ज्या गावची अरुंद रुळांची गाडी २०१९ साली रुंदीकरणासाठी थांबली, तेथे मेलबर्न आणि लंडनच्या वस्त्यांची चर्चा म्हणजे नसता उद्योग वाटेल. पण भिवापूर, उमरेड, नागभीड या पट्ट्यातली मुले नागपुरास शिकली, तेथून पुण्याला गेली, आणि आता त्यांतली काही लेकराबाळांसह परदेशी निघाली आहेत. अर्ज आणि करारनामे वाचून दाखवणारा माणूस म्हणून लोक आम्हांकडे येतात. शाळेत आम्ही फारसे शिकलो नाही, जे वाचले ते कामगार संघटनेच्या कचेरीतल्या बाकावर बसून वाचले. अलीकडे या लोकांचा प्रश्न एकच असतो : नोकरी झाली, व्हिसा झाला, आता घर कोठे घ्यावे?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर भिवापुरातच आहे. मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जाणारी बाई काम कसे निवडते, ते पाहावे. दोन पैसे जास्त मिळतात एवढ्यावरून ती लांबच्या सातऱ्यावर जात नाही. तान्हे पोर कोठे निजवता येईल, थोरले शाळा सुटल्यावर आपल्यापर्यंत चालत येईल की नाही, हे ती आधी पाहते आणि मग दर विचारते. तिचाच इंजिनियर झालेला मुलगा परदेशात घर बघताना हा हिशेब विसरतो. तो भाडे पाहतो, खोल्या मोजतो, मोटार उभी करण्यास जागा आहे ना याची खात्री करतो, आणि सही करून मोकळा होतो. पोराचा दिवस कसा जाणार, हा प्रश्न सही झाल्यानंतर उभा राहतो.

गेल्या साली आम्ही तीन महिने मेलबर्न येथे पुतण्याकडे होतो. ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत परदेशी जन्मलेल्या रहिवाशांत इंग्लंडच्या खालोखाल भारतात जन्मलेल्यांचा क्रमांक लागला. संख्या पावणेसात लाखांच्या घरात. तेव्हा उदाहरणासाठी आम्ही तेच शहर घेतो. तेथे ट्रेड्स हॉल नावाची कामगार संघटनांची जुनी इमारत आहे. जवळच्या चौकात एक स्तंभ असून त्याच्या शिरोभागी आठाचा आकडा तीनदा गुंफलेला आहे. १८५६ च्या एप्रिल महिन्यात तेथल्या पाथरवटांनी काम थांबवून मिरवणूक काढली आणि मजुरीत घट न होता आठ तासांचा दिवस मिळवला, त्याची ही खूण. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली ती १८९० मध्ये, आणि कारखान्यातील आठवडा ४८ तासांवर यायला १९४६ साल उजाडले. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले स्वतःचे, असा त्या तीन आठांचा अर्थ. आमचे म्हणणे असे की वस्तीची निवड ही या तिसऱ्या आठाची निवड आहे. मालकाने न घेतलेले तास रस्ता घेतो.

पुतण्याच्या शेजारी महाराष्ट्रातलेच एक कुटुंब होते. नावगाव सांगण्याचे कारण नाही. नवराबायको दोघेही नोकरीला, मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. घर मोठे, नवे, पुढे हिरवळ, मागे अंगण. बाप पावणेसातला पोरांना पाळणाघरात सोडी आणि आई संध्याकाळी सव्वासहाला घेऊन येई. बापाची पाळी आठ तासांची, लेकराची साडेअकरा तासांची! ही पाळी कोणत्याही कामगार निरीक्षकाच्या वहीत चढत नाही. भाड्यात जे वाचे ते दुसऱ्या मोटारीच्या हप्त्यात आणि पेट्रोलात जाई. पुढे त्यांनी स्टेशनाजवळ दोन खोल्यांचे जुने बिऱ्हाड घेतले. अंगण गेले, पण मुलगी दिवसाउजेडी घरी येऊ लागली.

मेलबर्नच्या पश्चिमेस टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, वेरिबी ही उपनगरे आहेत. येथे आपल्या देशातील लोकांची मोठी वस्ती आहे, किराणा मिळतो, हळद-मिरची मिळते, घर त्यातल्या त्यात परवडते. पण ही सारी एका मापाची नाहीत. वेरिबी आणि विल्यम्स लँडिंग येथे शहराची विजेवर धावणारी लोकल थांबते. टार्नीटला स्टेशन झाले ते २०१५ मध्ये, आणि तेथे थांबते ती जिलाँगकडून येणारी डिझेल गाडी. सकाळच्या वेळी ती भरूनच येते. पॉइंट कुक नावाने मोठे, पण तेथे स्टेशनच नाही. नकाशावर ही गावे एकमेकांना खेटून दिसतात, परंतु कामावर जाणाऱ्याच्या घड्याळात ती फार दूरदूर आहेत. म्हणून घर पाहायला रविवारी दुपारी जाऊ नये. सोमवारी सकाळी सातला त्या दारातून निघून कामाच्या जागेपर्यंत जाऊन पाहावे, आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत यावे. असे एकदा केले की दलालाच्या तोंडचे ‘शहरापासून अगदी जवळ’ हे शब्द किती खरे ते कळते.

आता शाळा. व्हिक्टोरिया राज्यात प्रत्येक पत्त्याला एक सरकारी शाळा नेमलेली असते, आणि त्या शाळेत प्रवेश मिळणे हा त्या पत्त्यावर कायम राहणाऱ्या मुलाचा हक्क असतो. दुसऱ्या शाळेत जागा उरली तरच तेथे जाता येते. म्हणजे घर निवडले की शाळाही निवडली गेली. हद्दीच्या रेषेवर रस्त्याच्या या बाजूचे घर एका शाळेचे आणि त्या बाजूचे दुसऱ्या शाळेचे असू शकते. ही रेषा राज्य सरकारच्या नकाशावर पत्ता घालून पाहता येते. घरमालक सांगतो ती नव्हे, सरकार दाखवते ती रेषा खरी. वस्ती इतकी झपाट्याने वाढते की सरकारने २०१९ ते २०२६ या काळात शंभर नव्या शाळा उघडण्याचा कार्यक्रम आखला. नवी शाळा निघाली म्हणजे जुन्या रेषा सरकतात, हेही ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट : तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांच्या मुलांसाठी काही राज्ये सरकारी शाळेतही फी घेतात. आपल्या व्हिसाचा प्रकार कळवून त्या राज्याच्या शिक्षण खात्याकडून निघण्यापूर्वी लेखी उत्तर मागवावे. तोंडी आश्वासनावर आम्ही कधी संप मागे घेतला नाही. तुम्हीही घर घेऊ नये.

शाळेची पारख कशी करावी, यावर आपले सुशिक्षित लोक फार वेळ घालवतात आणि आमच्या मते बराचसा वाया घालवतात. २००८ पासून तेथे तिसरी, पाचवी, सातवी व नववीच्या मुलांची देशभर एक परीक्षा होते. तिचे शाळावार आकडे २०१० पासून सर्वांना पाहता येतात. आपला बाप ते आकडे घेऊन बसतो आणि तीन वर्षांच्या मुलासाठी नववीचे गुण ताडून पाहतो! त्या आकड्यांत शाळेच्या शिकवण्याइतकेच, किंबहुना अधिक, आईबापांचे शिक्षण आणि खिसा दिसत असतो. नागपुरात कोणत्या मोहल्ल्यातील शाळेचा निकाल चांगला लागतो आणि का, हे ज्याने पाहिले त्याला हे निराळे सांगायला नको. शिवाय व्हिक्टोरियात परीक्षा घेऊन नववीपासून प्रवेश देणाऱ्या काही सरकारी शाळा आहेत, आणि त्यांतली सुझान कोरी ही वेरिबीतच २०११ साली सुरू झाली. तिला घराच्या हद्दीची अट नाही. लहान पोरासाठी आकड्यांपेक्षा शाळेच्या फाटकाशी सव्वातीनच्या सुमारास अर्धा तास उभे राहणे अधिक उपयोगी. पोरे कशी बाहेर पडतात, न्यायला कोण येते, चालत किती जातात, शिक्षक दाराशी दिसतो की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

सव्वातीन ही वेळ मुद्दाम सांगितली. शाळा तेव्हा सुटते आणि नोकरी पाचला. मधल्या दोन-तीन तासांचे काय, याला शाळेतच चालणारा पैसे देऊन घ्यायचा वर्ग हे एक उत्तर आहे; पण तो प्रत्येक शाळेत नसतो, असला तरी जागा असतेच असे नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी व्हिक्टोरियात २०२३ पासून बालवाडी मोफत झाली आहे. मात्र बालवाडी वेगळी आणि पाळणाघर वेगळे. बालवाडीचे तास बहुतेक ठिकाणी आठवड्याला १५ पर्यंतच. त्यात आईची नोकरी बसत नाही. दिवसभराच्या पाळणाघराला सरकारी साहाय्य मिळते ते नागरिकांस व कायम रहिवाशांस. तात्पुरत्या व्हिसावरच्या बहुतेकांना पूर्ण रक्कम भरावी लागते, आणि दोन लेकरे असली तर एकाचा पगार त्यातच जातो. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने बायांच्या लेकरांसाठी पाळणाघराची जबाबदारी मोठ्या कारखान्यांच्या मालकावर टाकली होती. तेथे ती आईबापांच्या खिशावर आहे. म्हणून कित्येक घरांत बाईच नोकरी सोडते. अशा बाईच्या दृष्टीने वस्ती पाहिली पाहिजे : तिला मोटार चालवता येत नाही असे धरून, बाबागाडी ढकलत ती वाचनालय, दवाखाना, बाग आणि किराणा यांपैकी काय काय गाठू शकते? एकही गाठता येत नसेल तर ते चार खोल्यांचे घर तिच्यासाठी कोंडवाडा आहे.

भाड्याविषयी थोडे. तेथे भाडे आठवड्याचे सांगतात आणि बहुधा महिन्याचे घेतात. आठवड्याला ५०० डॉलर म्हणजे महिन्याला २,००० नव्हेत. ५२ आठवडे धरून बाराने भागले की २,१६६ होतात. अनामत रक्कम घरमालकाच्या हाती राहत नाही, ती सरकारी भाडेकरार अनामत प्राधिकरणाकडे जमा होते, ही व्यवस्था आम्हांला फार आवडली. राहायला जाताना घराच्या स्थितीची यादी मिळते. भिंतीवरचा प्रत्येक डाग तिच्यात लिहून, फोटो काढून परत द्यावी. पहिल्या महिन्यात वर्षाचा करार मात्र करू नये. दोन महिने तात्पुरत्या बिऱ्हाडात काढावेत आणि मगच सही करावी.

ज्यांचा व्हिसा मालकाच्या हमीवर आहे त्यांनी एक गोष्ट अधिक पाहावी. नोकरी सुटली तर दुसरा मालक शोधण्यास पूर्वी एका वेळी ६० दिवस मिळत. १ जुलै २०२४ पासून १८० दिवस मिळतात. पण नवी नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला निघाली, तर शाळा, पाळणाघर, घर सगळेच पुन्हा हलते. म्हणून एका कारखान्याच्या सावलीत घर न घेता, अनेक ठिकाणी जाता येईल अशा रेल्वेच्या वाटेवर घ्यावे. काही व्हिसांत तर मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन ही शहरेच वर्ज्य असतात आणि जिलाँग चालते. ही अट न वाचता टार्नीटची घरे पाहत बसणारे आम्हांला भेटले आहेत.

‘आपली माणसे’ हा मुद्दा आम्ही मुद्दाम मागे ठेवला. मुंबईच्या गिरणगावात कोकणातला माणूस आपल्या गावच्या खोलीतच उतरे. आजारपणात भाकर आणि बेकारीत उधारी तेथेच मिळे. परदेशातही पहिल्या सहा महिन्यांत माणसे लागतातच. पण तेवढ्यासाठी भिंतीला भिंत लागून राहण्याचे कारण नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. डॉलिस हिल भागातल्या त्याच्या वास्तूत गणपतीला येणारी कुटुंबे काही त्याच गल्लीत राहत नाहीत. मराठी बोलणारे एक घर अर्ध्या तासावर असले तरी रात्री-अपरात्री पुरते. उलट, स्वस्त घर आणि ओळखीचा किराणा यांच्या मोहाने सारे एकाच टोकाला जाऊन बसले, की तेथल्या शाळा, दवाखाने आणि रस्ते यांवर एकदम ताण पडतो, आणि त्याचा त्रास त्याच माणसांना होतो.

देशादेशांत कायदे बदलतात. न्यूझीलंडमध्येही गर्दीच्या शाळांना हद्दी आहेत, आणि हद्दीबाहेरच्यांसाठी चिठ्ठ्या टाकतात. इंग्लंडात प्राथमिक शाळेचा अर्ज नगरपालिकेकडे १५ जानेवारीपर्यंत द्यावा लागतो, आणि जागा कमी पडल्या की बऱ्याच शाळांत अंतर मोजले जाते. अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च त्या भागातील घरांवरच्या करातून निघतो, म्हणून महाग वस्ती आणि नावाजलेली शाळा यांची जोडी तेथे फार घट्ट. पण दारापासून शाळा, शाळेपासून काम आणि कामापासून दार हा त्रिकोण चालून पाहण्याचे काम कोठेही चुकत नाही.

निघायचा महिनाही वस्तीइतकाच महत्त्वाचा. आपली शाळा जूनमध्ये उघडते, ऑस्ट्रेलियाची जानेवारीच्या अखेरीस. व्हिक्टोरियात ३० एप्रिलपर्यंत पाच वर्षे पुरी होणारे मूल त्या वर्षी पहिल्या वर्गात बसू शकते. शक्य असेल तर नोव्हेंबरात बापाने एकट्याने पुढे जावे, वस्त्या पायी फिरून पाहाव्यात आणि मुलांना डिसेंबर-जानेवारीत न्यावे. जाताना लसीकरणाचे कार्ड विसरू नये. व्हिक्टोरियात २०१६ पासून लसींची नोंद असल्याशिवाय बालवाडीत किंवा पाळणाघरात नाव घालत नाहीत. आपल्याकडचे कार्ड मराठीत, शाई पुसटलेली, एखाद्या लशीची तारीख तर दवाखान्याच्या वहीतच राहिलेली असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ती वही उघडायला लावावी, सगळ्या तारखा कार्डावर उतरवून घ्याव्यात, शिक्का घ्यावा, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर येथूनच करून न्यावे. तेथे पोचल्यावर हे काम रात्री फोनवरून करून घ्यावे लागते, आणि आपल्या केंद्राचा फोन रात्री कोणी उचलत नाही.