विद्यापीठातील व्यवस्थापन-शिक्षण व खाजगी निधी : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

विद्यापीठाच्या व्यवसाय-व्यवस्थापन विभागाची सुधारणा करावयाची तर त्यास पैसा कोठून मिळावा, हा प्रश्न आता केवळ शासनाच्या अनुदानावर सोडून चालण्याजोगा राहिलेला नाही. खाजगी दानाचा मार्ग सर्वांस सुचतो. परंतु दानाचे प्रकार कोणते, प्रत्येकाने काय साधते व काय साधत नाही, याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात हा विचार भंडारा जिल्ह्यास समोर ठेवून करावयाचा आहे. या जिल्ह्यात स्वतंत्र विद्यापीठ नाही. येथील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. यास्तव नागपूरच्या विभागाचा दर्जा सुधारणे वा न सुधारणे, याचा परिणाम तुमसर, पवनी वा साकोली येथून येणाऱ्या विद्यार्थ्यास प्रत्यक्ष भोगावा लागतो.

पूर्वीची उदाहरणे

उद्योगातून मिळविलेले धन विद्यापीठास देण्याची प्रथा आपल्याकडे नवी नव्हे. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ साली झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९३० मध्ये, कामठीचे मँगनीज खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्र यांच्या अध्यापनार्थ सुमारे ३५ लक्ष रुपये मृत्युपत्राने विद्यापीठास दिले. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली व पुढे २०२३ मध्ये तिचे स्वतंत्र विद्यापीठात रूपांतर झाले. या दानाचे वैशिष्ट्य असे की, दात्याने विषय निश्चित केला, परंतु तो पुरेसा विस्तृत ठेवला. कोणती शाखा केव्हा काढावी हे ठरविण्यास विद्यापीठ मोकळे राहिले.

वाणिज्य-शिक्षणात शिक्षा मंडळाने वर्धा येथे १९४० साली व नागपूर येथे १९४५ साली काढलेली गोविंदराम सेक्सरिया यांच्या नावाची महाविद्यालये प्रसिद्धच आहेत. विद्यापीठाच्या अंगभूत व्यवस्थापन-संस्थेचे उदाहरण हवे असल्यास मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेचे घ्यावे. ती १९६५ साली बजाज परिवाराच्या देणगीतून व अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने निघाली. येथे देणगीइतकेच महत्त्व सहकार्यास होते : अभ्यासक्रम कसा आखावा याचे ज्ञान पैशाबरोबरच आले. परदेशात पाहू गेल्यास, १८८१ मध्ये जोसेफ व्हॉर्टन याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास एक लक्ष डॉलर देऊन व्यवसाय-शिक्षणाची शाळा काढविली. तोही निकेल व पोलाद यांत धन मिळविलेला धातूंचा व्यापारी होता, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

दानाचे तीन प्रकार

खाजगी निधीचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला, वास्तूसाठी दिलेले दान. यात दात्याचे नाव दिसते, म्हणून ते मिळविणे तुलनेने सोपे; परंतु इमारतीची वीज, दुरुस्ती व स्वच्छता यांचा खर्च दाता देत नाही, तो विभागाच्या माथी कायमचा बसतो. दुसरा, विवक्षित कार्यासाठी दिलेली व ठराविक मुदतीत खर्च करावयाची रक्कम. उदाहरणार्थ, शिष्यवृत्ती, ग्रंथखरेदी वा एखादे सर्वेक्षण. तिसरा, स्थायी निधी. यात मुद्दल अबाधित ठेवून केवळ उत्पन्न खर्चावयाचे असते.

स्थायी निधीचे तत्त्व भंडारा जिल्ह्यातील वाचकास समजावून सांगावयास नको. कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले येथील मालगुजारी तलाव हे त्याचेच रूप होय. तलाव हे मुद्दल, पाटाने शेतात जाणारे पाणी हे उत्पन्न. परंतु पाळ दुरुस्त ठेवणे व गाळ काढणे ही कामे दरवर्षी व्हावी लागतात. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, तलावांची मालकी शासनाकडे गेली. देखभालीची जुनी व्यवस्था मोडली व तिच्या जागी तितकीच सजग दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही. परिणामी अनेक तलाव गाळाने भरत गेले. तलाव फुटला नाही, कोणी चोरला नाही. तरी पाणी कमी झाले.

चलनवाढीचा गाळ

निधीच्या बाबतीत हा गाळ म्हणजे चलनवाढ. समजा, एखाद्या दात्याने अध्यासनासाठी २ कोटी रुपये दिले व ते ७ टक्के व्याजाने मुदत ठेवीत ठेवले. वर्षास १४ लक्ष रुपये येतील. हे सर्व व्याज खर्च केले व चलनवाढ ५ टक्के धरली, तर सुमारे १४ वर्षांत मुद्दलाची क्रयशक्ती निम्मी होईल. कागदावर मात्र २ कोटी जसेच्या तसे दिसतील. क्रयशक्ती टिकवावयाची तर व्याजापैकी १० लक्ष मुद्दलात परत घालावे लागतील व खर्चास केवळ ४ लक्ष उरतील. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे प्रारंभीचे मूळ वेतन मासिक ५७,७०० रुपये, म्हणजे भत्ते सोडून वर्षास ६.९२ लक्ष रुपये होते. म्हणजे २ कोटींच्या निधीतून सर्वांत कनिष्ठ अध्यापकाचे मूळ वेतनदेखील निघत नाही. केवळ त्यासाठीच सुमारे ३ कोटी ४६ लक्ष रुपये पाहिजेत. हा हिशेब आधी न करता अध्यासनास नाव देणे म्हणजे दाता व विभाग या दोघांचीही फसगत होय.

कंपन्यांचे सामाजिक दायित्व

निधी उभारणाऱ्यांची दृष्टी आता प्रथम कंपन्यांकडे वळते. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये, ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी वा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एका मर्यादेपर्यंत पोचतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यास खर्चावयाची असते. शिक्षण हे त्यातील एक मान्य कार्य आहे. भंडारा जिल्ह्यात वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा वाहननिर्मितीचा कारखाना, डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीज खाणी असे मोठे उद्योग आहेत. तथापि येथे एक अडचण ध्यानी घेतली पाहिजे. जानेवारी २०२१ मधील नियमदुरुस्तीनंतर कोणत्याही संस्थेच्या स्थायी निधीत भर घालणे हा या दायित्वाखालील खर्च म्हणून ग्राह्य धरला जात नाही. चालू प्रकल्पही आरंभाचे वर्ष सोडून तीन वर्षांत पुरा करावा लागतो. याचा अर्थ असा की, कंपनीच्या या पैशातून तलाव बांधता येत नाही, एका हंगामाचे पाणी तेवढे मिळते. स्थायी निधीसाठी व्यक्ती, कुटुंबे, न्यास व माजी विद्यार्थी यांच्याकडेच जावे लागेल.

भंडाऱ्यासाठी काय करावे?

वरील विवेचनावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम मुदतीच्या रकमेतून जिल्ह्याच्या उद्योगांचा अभ्यास हाती घ्यावा. तुमसरचा धान-व्यापार, भंडाऱ्याची पितळी भांडी, आंधळगावचे कोशाचे विणकाम यांतील भांडवल, उधारी व बाजारपेठ यांवर मराठीत लिहिलेली व्यवसाय-प्रकरणे तयार झाल्यास, विद्यार्थ्यास आपल्या गावचा व्यवहार शास्त्रीय दृष्टीने अभ्यासता येईल. अशा अभ्यासास लागणारा खर्च मोठा नसतो, व तीन वर्षांत तो पुरा होतो. काम दिसल्यानंतर स्थायी निधीची मागणी करावी. काम न दाखविता मागितलेला पैसा इमारतीच्या फलकापलीकडे सहसा जात नाही.

निधी स्वीकारताना दानपत्रात तीन गोष्टी नमूद असाव्यात : उत्पन्नाचा किती भाग मुद्दलात परत जाईल, मूळ हेतू कालबाह्य झाल्यास निकटचा हेतू कोणी ठरवावा, आणि नेमणुका, परीक्षा व संशोधनाचे निष्कर्ष यांत दात्यास अधिकार राहणार नाही. तिसरी अट दात्यावरील अविश्वासातून येत नाही. ज्या कारखान्याने पैसा दिला त्याच्याच कामगार-धोरणाचा अभ्यास करण्याचे धैर्य विभागास नसेल, तर त्या विभागाच्या पदवीचे मोल उद्योगासही राहणार नाही. निधीचा वार्षिक हिशेब चलनवाढ वजा करून प्रसिद्ध करावा, म्हणजे गाळ किती साचला हे सर्वांस वेळीच दिसेल.

दाता एकदा देतो. जपावे लागते ते दरवर्षी. ही जबाबदारी कोणाची, हे ज्या विभागाने आधी ठरविले असेल, त्यानेच दात्याच्या दारी जावे, हे उचित.