अल्पकिमतीचे मायक्रोफोनयुक्त संगणकीय हेडसेट : परिधानसुलभता व ध्वनिगुणवत्ता
(ग्रामीण महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक विवेचन)

बीजसंज्ञा : हेडसेट, मायक्रोफोन, ध्वनिगुणवत्ता, परिधानसुलभता, मराठी उच्चार, ग्रामीण विद्यार्थी

प्रस्तावना :

माहिती-तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे अध्ययन-अध्यापनाची प्रक्रिया वर्गाच्या चार भिंतींपुरती मर्यादित राहिलेली नाही. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचविला. पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले. पाठ ऐकत ऐकत त्याच संगणकावर कृती करावयाची, अशी या पाठांची रचना आहे. एका प्रयोगशाळेत तीस विद्यार्थी तीस वेगवेगळ्या टप्प्यांवर असताना प्रत्येकाच्या कानावर स्वतंत्र हेडफोन असणे ही अशा अध्ययनाची पूर्वअटच ठरते.

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर या गरजेचे स्वरूप बदलले. तोपर्यंत विद्यार्थ्याला प्रामुख्याने ऐकावयाचे होते. आता त्याला बोलावयाचेही होते. हजेरी, शंकानिरसन, चर्चासत्र, तोंडी परीक्षा आणि नोकरीसाठीची मुलाखत या सर्व गोष्टी संगणकाच्या पडद्यावरून होऊ लागल्या. महाविद्यालये पूर्ववत सुरू झाल्यानंतरही मुलाखती व चर्चासत्रांपुरती ही पद्धत टिकून राहिली.

लातूर शहराच्या उत्तरेस असलेले रेणापूर हे तालुक्याचे ठिकाण स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) कार्यक्षेत्रात येते. लातूर, नांदेड, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांतील अशा गावांमधील विद्यार्थ्यास स्वतंत्र, शांत खोली क्वचितच मिळते. डोक्यावर पत्रे, छताला फिरणारा पंखा, शेजारच्या खोलीत दूरदर्शन संच आणि बाहेर ट्रॅक्टरचा आवाज अशा वातावरणातून त्याचे बोलणे दूरवरच्या परीक्षकापर्यंत जावयाचे असते. ते अस्पष्ट पोहोचल्यास उपकरणाचा दोष परीक्षकाला दिसत नाही. विद्यार्थ्याचा उच्चार सदोष आहे किंवा त्याला आत्मविश्वास नाही, असा समज होतो. म्हणूनच काही शे रुपयांच्या हेडसेटची निवड हा शैक्षणिक समान संधीशी निगडित प्रश्न आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. अल्पकिमतीच्या हेडसेटची ध्वनिगुणवत्ता कोणत्या घटकांवर अवलंबून असते हे स्पष्ट करणे.
२. मराठी उच्चारांच्या दृष्टीने त्या घटकांचे महत्त्व विशद करणे.
३. परिधानसुलभतेचे निकष मांडणे.
४. कोणत्याही यंत्राशिवाय करता येतील अशा चाचण्या सुचविणे.

हेडसेटची रचना :

हेडसेट म्हणजे हेडफोन व मायक्रोफोन यांचे एकत्रित साधन होय. हेडफोनच्या प्रत्येक बाजूस चुंबक, तारेचे वेटोळे आणि पातळ पडदा असतो. वेटोळ्यातून विद्युतप्रवाह गेला की पडदा कंप पावतो व ध्वनी निर्माण होतो. बोलण्यासाठीच्या दांडीच्या टोकाला बहुधा इलेक्ट्रेट प्रकारचा मायक्रोफोन असतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी १९६२ साली हा प्रकार विकसित केला. त्याच्या पडद्याजवळील पदार्थात विद्युतभार कायमचा साठविलेला असतो. त्यामुळे तो अत्यंत लहान आकारात व अल्प खर्चात तयार होतो आणि तरीही मानवी आवाज समाधानकारकपणे टिपतो. स्वस्त हेडसेटमधील मायक्रोफोन हा स्वस्त असल्यामुळेच निकृष्ट असतो, हा समज म्हणून योग्य नाही. त्याची जागा व त्याची जोडणी यांवरच बरेच काही अवलंबून असते.

मायक्रोफोनचे अंतर :

मोकळ्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. अंतर दहापट झाले की ती २० डेसिबलने घटते. लॅपटॉपमधील अंगभूत मायक्रोफोन ओठांपासून सुमारे ४० सेंटिमीटरवर असतो, तर हेडसेटच्या दांडीवरील मायक्रोफोन सुमारे ४ सेंटिमीटरवर असतो. पंख्याचा आवाज मात्र दोहोंकडे जवळजवळ सारखाच पोहोचतो. परिणामी पंख्याच्या तुलनेत बोलणाऱ्याचा आवाज हेडसेटमध्ये सुमारे २० डेसिबलने वरचढ ठरतो. खोली शांत करणे ज्याच्या हाती नाही, त्या विद्यार्थ्यासाठी हा लाभ सर्वांत मोलाचा आहे आणि तो साध्या हेडसेटमधूनही मिळतो. ज्या इअरफोनचा मायक्रोफोन तारेवर छातीजवळ लोंबतो, त्यात हा लाभ कमी होतो. शिवाय कपड्यांचे घर्षणही ऐकू येते.

मराठी उच्चार आणि वारंवारता :

हेडसेटच्या खोक्यावर '२० ते २०,००० हर्ट्झ' असा उल्लेख सर्रास आढळतो. या पल्ल्यात ध्वनीची पातळी किती डेसिबलने वर-खाली होते, हे सोबत दिलेले नसल्यास त्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही. विद्यार्थ्याने आकड्यांऐवजी स्वतःच्या भाषेतील ध्वनी तपासणे अधिक उपयुक्त ठरते.

मराठीतील स्वरांची ऊर्जा मुख्यतः ३,००० हर्ट्झच्या खाली असते. 'स' या घर्षक व्यंजनाची ऊर्जा मात्र प्रामुख्याने ४,००० हर्ट्झच्या वर आढळते, तर 'श'ची त्याहून खालच्या पट्ट्यात सुरू होते. जुन्या दूरध्वनी यंत्रणेत ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेला जात असे. त्यामुळे दूरध्वनीवर नाव सांगताना 'साताऱ्यातला स' असा खुलासा करावा लागे. 'साल' आणि 'शाल' यांतील भेद अशा अरुंद पट्ट्यात पुसट होतो. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, या दोन शब्दांतील तालव्य व दंतमूलीय 'ज'चा भेदही अशाच सूक्ष्म घर्षणध्वनीवर आधारलेला आहे. लेखनात तो दिसत नाही; केवळ कानालाच कळतो.

'ताट-थाट', 'पळ-फळ' या जोड्यांत महाप्राणाचा श्वास महत्त्वाचा असतो. तथापि हाच श्वास मायक्रोफोनवर थेट आदळला तर 'फट्' असा स्फोटक आवाज उमटतो. यासाठी मायक्रोफोन ओठांसमोर न ठेवता ओठांच्या कडेला, दोन बोटे अंतरावर ठेवावा. त्यावर स्पंजची टोपी असावी. ती हरवल्यास नवी बसवावी. येथे खर्चापेक्षा सवयीचा प्रश्न अधिक आहे.

जोडणीचे प्रकार :

अल्पकिमतीच्या हेडसेटमध्ये प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार ३.५ मिलिमीटर पिनचा. जुन्या टेबल-संगणकांना दोन स्वतंत्र पिना लागतात. त्यांपैकी हिरवी ऐकण्यासाठी व गुलाबी बोलण्यासाठी असते. अलीकडील लॅपटॉप व मोबाइल यांना चार पट्ट्यांची एकच पिन लागते. पिन न जुळल्यास ऐकू येते, परंतु बोललेले पुढे जात नाही. दोहोंना जोडणारा छोटा जोड अल्प किमतीत मिळतो. या प्रकारात आणखी एक अडचण संभवते. वीजजोडणीस योग्य अर्थिंग नसल्यास चार्जर लावताच मायक्रोफोनमध्ये गुणगुण ऐकू येऊ शकते. चार्जर काढल्यावर ती थांबली तर दोष हेडसेटचा नसून वीजजोडणीचा आहे, असे समजावे.

दुसरा प्रकार यूएसबी जोडणीचा. यात ध्वनीचे अंकीय रूपांतर करणारी चकती हेडसेटच्या तारेतच असते. संगणकाचे जुने किंवा सैल झालेले ध्वनिछिद्र त्यामुळे टाळता येते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांसाठी हा प्रकार विशेष सोयीचा आहे.

तिसरा प्रकार ब्लूटूथचा. तारेचा त्रास नसल्याने तो आकर्षक वाटतो. परंतु त्याची एक मर्यादा खरेदीच्या वेळी सहसा सांगितली जात नाही. केवळ गाणी ऐकताना वापरली जाणारी पद्धत आणि मायक्रोफोन सुरू झाल्यावर वापरली जाणारी पद्धत या वेगळ्या आहेत. जुन्या संभाषण-पद्धतीत ध्वनीचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात. म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच शिल्लक राहत नाही. त्यानंतरच्या पद्धतीत हे प्रमाण १६,००० पर्यंत वाढले. पण हेडसेट व संगणक या दोघांनीही ती स्वीकारलेली असावी लागते. गाण्यासाठी उत्तम वाटणारे साधन मुलाखतीत अचानक दूरध्वनीसारखे ऐकू येते, त्याचे कारण हे आहे. समान किमतीत तारेचा हेडसेट बोलण्यासाठी अधिक भरवशाचा ठरतो.

परिधानसुलभता :

दहा मिनिटांच्या पाठासाठी कोणताही हेडसेट चालतो. तीन तासांच्या सत्रासाठी नाही. येथे वजन, दाब व उष्णता हे तीन घटक विचारात घ्यावे लागतात.

साधे हेडसेट शंभर ग्रॅमच्या आसपास असतात, तर खेळांसाठी म्हणून विकले जाणारे तीनशे ग्रॅमपर्यंत जातात. दिव्यांची रोषणाई व '७.१ ध्वनी' यांसारख्या गोष्टींवर झालेला खर्च बोलण्याच्या स्पष्टतेत भर घालीत नाही. वजनात मात्र घालतो. दुसरा घटक पट्ट्याचा दाब. कानावर टेकणाऱ्या लहान गाद्या कानाच्या कूर्चेवर दाब देतात. चष्मा असल्यास त्याची दांडी गादी व डोके यांमध्ये दबते आणि तासाभरात कानामागे ठणका लागतो. कानातील आभूषणांमुळेही हाच त्रास होतो. कानाला वेढणाऱ्या मोठ्या गाद्यांमध्ये दाब कानाभोवती विभागला जातो. परंतु तेथे उष्णता साठते.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. कृत्रिम चामड्याचे आवरण घामाने चिकटते व कालांतराने त्याचे पापुद्रे निघतात. कापडी किंवा स्पंजचे आवरण तुलनेने हवेशीर असते व ते बदलताही येते. प्रयोगशाळेत एकच हेडसेट अनेकजण वापरतात, तेथे धुता येणारी आवरणे ही आरोग्याच्या दृष्टीनेही आवश्यक होत.

सुलभतेचा संबंध श्रवणाच्या सुरक्षिततेशीही आहे. गादी कानावर नीट न बसल्यास बाहेरचा गोंगाट आत येतो आणि विद्यार्थी आवाज वाढवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंतच सुरक्षित मानला जातो. पातळी ३ डेसिबलने वाढली की हा अवधी निम्मा होतो. तासन्‌तास अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी नीट बसणारी गादी हे कानाचे संरक्षण आहे.

खरेदीपूर्व व खरेदीनंतरच्या चाचण्या :

१. दुकानात हेडसेट चष्म्यासह किमान पंधरा मिनिटे घालून पाहावा. मान खाली-वर करताना तो सरकू नये.
२. दांडी जेथे ठेवली तेथेच राहते काय, हे पाहावे.
३. तार सर्वप्रथम पिनेजवळ व गादीजवळ तुटते. या दोन्ही ठिकाणी लवचीक रबरी आवरण असावे.
४. संगणकावर 'साल-शाल', 'ताट-थाट', 'पळ-फळ' या जोड्या ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या व्यक्तीस ऐकवाव्यात. तिने न पाहता शब्द ओळखले पाहिजेत.
५. हेच ध्वनिमुद्रण एकदा पंखा बंद ठेवून व एकदा सुरू ठेवून, तसेच चार्जर लावून व काढून करावे.
६. मराठीत तोंडी मजकूर लिहून घेणारी सुविधा २०१७ पासून मोबाइलवर उपलब्ध आहे. हेडसेट मोबाइलला जोडून एक परिच्छेद सांगावा. त्यात चुका झाल्या म्हणून दोष मायक्रोफोनचाच असे ठरत नाही. परंतु दोन हेडसेटची तुलना करण्यास ही चाचणी उपयोगी पडते.
७. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व पत्ता आहे काय, हे पाहून पावती अवश्य घ्यावी.

निष्कर्ष :

१. अल्पकिमतीच्या हेडसेटचा सर्वांत मोठा लाभ मायक्रोफोन ओठांजवळ असण्यातून मिळतो.
२. समान किमतीत बोलण्याच्या स्पष्टतेसाठी तारेचा हेडसेट ब्लूटूथपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे.
३. खोक्यावरील आकड्यांपेक्षा मराठी शब्दांच्या जोड्यांची चाचणी विद्यार्थ्यास अधिक नेमकी माहिती देते.
४. उष्ण हवामानात हलके वजन, सौम्य दाब व बदलता येणारे कापडी किंवा स्पंजचे आवरण यांना प्राधान्य द्यावे.
५. महाविद्यालयांनी काही यूएसबी हेडसेट मुलाखती व तोंडी परीक्षांसाठी राखून ठेवून ते ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे विद्यार्थ्यांना देण्याची व्यवस्था करावी.

समारोप :

रेणापूरसारख्या गावातील विद्यार्थी आणि पुण्या-मुंबईतील विद्यार्थी पडद्यावर एकाच चौकटीएवढे दिसतात. त्यांचा आवाज मात्र सारख्या स्पष्टतेने पोहोचेलच असे नाही. ही तफावत दूर करण्यास महागड्या साधनांची आवश्यकता नाही. योग्य निवड, मायक्रोफोनची योग्य जागा आणि थोडी पूर्वतपासणी एवढ्याने विद्यार्थ्याच्या उत्तराचे मूल्यमापन त्याच्या उपकरणावरून न होता त्याच्या ज्ञानावरून होऊ शकेल.