तिशीनंतर एमबीबीएस: राजीनाम्याआधीची तयारी

एमबीबीएसच्या प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या 'नीट-यूजी' परीक्षेला आज कमाल वयाची अट नाही. २०१७ मध्ये ती आली होती: खुल्या गटाला २५ वर्षे, राखीव गटांना ३०. प्रकरण न्यायालयात गेले, अनेकांनी अंतरिम आदेशांच्या आधारे परीक्षा दिल्या आणि मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही अट काढून टाकल्याचे कळवले. परीक्षा किती वेळा द्यावी यालाही मर्यादा नाही. किमान वय तेवढे कायम आहे, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण. ओडिशातले एक निवृत्त बँक अधिकारी २०२० मध्ये, वयाच्या ६४व्या वर्षी, बुर्ल्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला दाखल झाले. तेव्हा 'आता वय झालं' हे कारण नियमांत तरी सापडत नाही.

अमेरिकेतले नातेवाईक सांगतात ती पद्धत मात्र इथे लागू नाही. तिथे आधी पदवी आणि मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण. आपल्याकडे एमबीबीएस हीच पहिली पदवी. त्यामुळे तुमच्या बीई, बीकॉम किंवा एमबीएमुळे एक दिवसाचीही सूट मिळत नाही. साडेचार वर्षे अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप सगळ्यांना सारखीच. पात्रता ठरते ती बारावीवर.

आणि अडते ते इथेच. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय हवेत. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटांना ४० टक्के. महाराष्ट्रात अभियांत्रिकीकडे जायचे ठरलेल्या हजारो मुलांनी अकरावीतच जीवशास्त्र सोडून बायफोकलचा इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतला होता. हिंजवडीत दहा वर्षे नोकरी केलेली एखादी अभियंता आज डॉक्टर व्हायचे म्हणते, तेव्हा तिच्या गुणपत्रिकेवर जीवशास्त्रच नसते. पूर्वी हा रस्ता बंद होता, कारण अकरावी-बारावी दोन्ही वर्षे हा विषय नियमित शिकलेला असावा लागे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने जाहीर सूचना काढून बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांनाही पात्र ठरवले. करिअर बदलणाऱ्यांसाठी वयाची अट जाण्याइतकाच हा निर्णय मोठा आहे, पण त्याची चर्चा फार कमी झाली.

राज्य मंडळाच्या भाषेत अशा परीक्षार्थींना 'तुरळक विषय घेऊन प्रविष्ट होणारे' म्हणतात. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, तिथेही एखाद-दुसऱ्या विषयापुरता प्रवेश मिळतो. मी राज्य मंडळाची वाट सुचवेन. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि रहिवासी दाखला लागतो; एक विषय दुसऱ्या मंडळाचा असला तर कागदपत्रे तपासताना प्रश्न निघू शकतो. मुक्त विद्यालयच सोयीचे असेल तर आधी राज्याच्या जागा भरणाऱ्या सीईटी सेलला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि ते जपून ठेवा. राज्य मंडळाकडून बसणार असाल तर जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन प्रात्यक्षिकांची व्यवस्था विचारा. लेखी ७० गुणांचे आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. नोकरी करत हे जमते, रजा थोड्या लागतात.

मग नीट. ७२० गुण, १८० प्रश्न, त्यांतले ९० एकट्या जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. परीक्षा मे महिन्यात. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक उमेदवार बसले होते आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. अभियंत्याला भौतिकशास्त्राची सवय असते, म्हणून तो तिथेच रमतो. निम्मे गुण मात्र जीवशास्त्रात आहेत, आणि ते एनसीईआरटीची दोन पुस्तके ओळ न ओळ वाचून मिळतात. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. तरी पुढचे सगळे शिक्षण इंग्रजीतून असल्याने इंग्रजीतूनच तयारी केलेली बरी.

प्रवेशाच्या दोन खिडक्या आहेत. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा, तसेच नागपूरच्या एम्ससारख्या संस्था, केंद्राच्या समुपदेशन समितीकडून भरल्या जातात. राज्याच्या जागा सीईटी सेलकडून. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय यादीतून वगळा. तिथे वयाची मर्यादा आहे आणि उमेदवार अविवाहित असावा लागतो.

कागदपत्रे उन्हाळ्यातच गोळा करा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला बहुतेकांच्या घरी नसतो, तो पदवीच्या महाविद्यालयात पडून असतो. शिक्षणात खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र लागते, त्यात नोकरीची वर्षे नीट मांडावी लागतात. राखीव गटातून अर्ज असेल तर जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेअर आधी हातात हवे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवावे. या एका कागदासाठी ऐनवेळी फार धावपळ होते.

आता पैसा. सरकारी महाविद्यालयाचे शुल्क आवाक्यातले असते. खासगी महाविद्यालयात, विशेषतः संस्थास्तरीय कोट्यात, ते कित्येक पटींनी वाढते. तिशीत कर्ज काढून त्या कोट्यात जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. शुल्काहून मोठा खर्च म्हणजे बंद झालेला पगार. साडेचार वर्षे उत्पन्न शून्य, इंटर्नशिपमध्ये थोडे विद्यावेतन, सरकारी जागा असेल तर त्यानंतर एक वर्षाची सक्तीची सेवा, आणि एमडी-एमएस करायचे तर आणखी तीन वर्षे. घरचे हप्ते, मुलांची शाळा, आईवडिलांची औषधे या सगळ्याचा हिशेब जोडीदारासोबत बसून कागदावर करा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी आधीच घ्या. जुन्या आजारांना प्रतीक्षा कालावधी असतो. स्वतःच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर कलम ८०ई खाली जुन्या करप्रणालीत वजावट मिळते, पण ज्याला उत्पन्नच नाही त्याला तिचा उपयोग नाही. कर्जात सहअर्जदार कोण आणि हप्ते कोण भरणार, हेही तेव्हाच ठरवा.

नोकरी करत एमबीबीएस होत नाही. लेक्चरला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र. देहदान केलेल्या व्यक्तीच्या पार्थिवापुढे शपथ घेऊन विच्छेदनाला सुरुवात होते. नावे, फांद्या, नसा यांचा डोंगर पाठ करायचा असतो, आणि इथे तर्कावर जगलेल्या माणसाला त्रास होतो. अठरा वर्षांची मुले ज्या वेगाने पाठ करतात तो वेग येत नाही, म्हणून रोज उजळणी हाच उपाय. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला चारच संधी असतात आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो. या मर्यादा प्रवेशाआधी माहीत असाव्यात.

वॉर्डात गेल्यावर चित्र पालटते. रुग्णाची हकिगत घेताना समोरच्याचे ऐकून घेणे, घाबरलेल्या नातेवाइकाशी शांतपणे बोलणे, वरिष्ठाला नेमके तेवढेच सांगणे ही कामे तुम्ही नोकरीत वर्षानुवर्षे केलेली असतात. वर्गमित्र तुम्हाला दादा किंवा ताई म्हणतील. ते नाते मनापासून स्वीकारा, त्यांच्याकडून नोट्स घ्या, त्यांना धीर द्या.

राहता राहिला राजीनामा. जीवशास्त्राचा निकाल, नीटचे गुण आणि जागेचे वाटप या क्रमाने सगळे हातात येईपर्यंत तो देऊ नका. जागा मिळाल्यावर महाविद्यालयात हजर होण्यासाठी थोडेच दिवस मिळतात, आणि आयटीतल्या नोकऱ्यांत नोटीस पीरियड तीन महिन्यांपर्यंत असतो. म्हणून नेमणूकपत्र आजच काढून नोटिशीचे कलम वाचा, आणि पगार भरून लगेच सुटता येते का हे विचारून घ्या.