दूरची मतपेटी, जवळचा कारखाना – लेखांक ४ : गावाने कारखान्याचे का ऐकले नाही?

युरोपीय संघाची सामायिक बाजारपेठ म्हणजे काय आणि तिच्यात ब्रिटनचे स्थान कोणते होते, हे मागील तीन लेखांत आपण पाहिले. आता प्रत्यक्ष कौलाकडे आणि त्यावर आपल्या भागात उमटलेल्या प्रतिक्रियेकडे वळू. संघात राहायचे की बाहेर पडायचे (ब्रेक्झिट), यावर २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये मतदान झाले. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आपल्याकडे शेअर बाजार उघडण्याच्या सुमारास निकालाचा कल स्पष्ट झाला : बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के. सेन्सेक्स दिवसभरात हजाराहून अधिक अंशांनी कोसळला आणि अखेर सुमारे सहाशे अंश गमावून बंद झाला. शंभर रुपयांच्या आसपास असलेला पाउंड एका दिवसात नव्वदीच्या घरात आला. टाटा मोटर्सचा समभाग जवळपास आठ टक्क्यांनी घसरला. पिंपरी-चिंचवडसाठी ही दूरची बातमी नव्हती. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर विकत घेतल्यापासून समूहाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा ब्रिटनमधून येत होता, आणि २०११ पासून त्या कंपनीच्या गाड्यांची जोडणी चिखलीतही होत होती. साहजिकच पहिली प्रतिक्रिया भीतीची होती. दुसरी प्रतिक्रिया मात्र निवाड्याची होती, आणि ती अधिक काळ टिकली : ब्रिटिश मतदारांनी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला, त्यांना आपले हित कळले नाही.

हा निवाडा मला चुकीचा वाटतो, आणि तो चुकीचा का आहे हे समजून घेण्यात औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या माणसाचा खरा फायदा आहे. त्यामागे एक गृहीतक आहे : कारखान्याचे हित तेच कारखान्याभोवतीच्या माणसांचे हित, म्हणून व्यवस्थापनाने धोक्याचा इशारा दिला की गावाने तो मानायलाच हवा. ब्रिटनमधल्या कौलाने हे गृहीतक मोडले. त्याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही, कारण या वादाच्या दोन्ही बाजूंच्या कंपन्या आपल्याच पट्ट्यात आहेत. संघात राहणेच मोटार उद्योगाच्या हिताचे, असे जग्वार लँड रोव्हरचे म्हणणे होते. तळेगावात २००६ पासून यंत्रे बनवणाऱ्या जेसीबीचे अध्यक्ष लॉर्ड बॅमफर्ड यांनी मात्र मतदानाआधी ब्रिटनमधल्या आपल्या सुमारे साडेसहा हजार कामगारांना पत्र लिहून बाहेर पडण्याच्या बाजूने कौल मांडला. म्हणजे उद्योगांचेही मत एकमुखी नव्हते. ज्या कंपनीच्या गाड्या मोठ्या संख्येने युरोपात जातात आणि जिचे सुटे भाग इंग्लिश खाडी ओलांडून ये-जा करतात, तिचा हिशेब वेगळा. जिचा धंदा जगभर पसरलेला आहे आणि जिला युरोपचे नियम जाचक वाटतात, तिचा वेगळा.

मतदारांचे आकडे तर अधिक बोलके आहेत. निस्सानचा प्रचंड कारखाना असलेल्या संडरलंडमध्ये ६१.३ टक्के लोकांनी बाहेर पडण्यासाठी मत दिले. होंडाचा कारखाना असलेल्या स्विंडनमध्ये हे प्रमाण ५४.७ टक्के होते. जग्वार लँड रोव्हरचा मोठा कारखाना सॉलिहलमध्ये आहे, तिथे ५६.२ टक्के, आणि तिच्या इंजिन कारखान्याशेजारच्या वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये ६२.६ टक्के. ज्या गावांची चूल मोटारीवर पेटते, त्या गावांनी मोटार कंपन्यांचा सल्ला नाकारला. लंडनमध्ये मात्र जवळपास साठ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. शहराचे मत म्हणजे कारखान्यातल्या कामगाराचे मत नव्हे. वयस्कर आणि निवृत्त मतदारांनी बाहेर पडण्याला अधिक पाठिंबा दिला आणि तरुणांनी राहण्याला, हे नंतरच्या अभ्यासांतून दिसले. असेंब्ली लाइनवरच्या माणसाने काय केले, हे शहराच्या टक्केवारीवरून सांगता येत नाही. आक्षेप खरा आहे, पण त्याने मुद्दा उलट पक्का होतो. कारखान्याभोवती केवळ कायम कामगार राहत नाहीत. ज्यांची नोकरी आधीच्या पिढीत गेली, ज्यांच्या मुलाला आत जागा मिळाली नाही, जे एजन्सीमार्फत आठवड्याच्या बोलीवर जातात, ज्यांचे दुकान बंद पडलेल्या गिरणीशेजारी होते, ते सगळे त्याच मतदारसंघात असतात. कंपनीच्या ताळेबंदात त्यांच्यासाठी रकाना नसतो, पण मतदार यादीत त्यांचे नाव असते. २३ जूनला त्यांच्या एका मताची किंमत व्यवस्थापकीय संचालकाच्या मताएवढीच होती.

त्यांचा अनुभव काय होता, याची एक कडी थेट पिंपरीत येऊन मिळते. बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजला रोव्हरचा जुना कारखाना होता. बीएमडब्ल्यूने २००० मध्ये तो नाममात्र दहा पाउंडांना दुसऱ्या हाती सोपवला. त्यानंतर एमजी रोव्हर या नावाने चाललेल्या कंपनीकडे नवी छोटी गाडी बनवण्यासाठी पैसा नव्हता, म्हणून तिने २००३ मध्ये टाटांची इंडिका ‘सिटीरोव्हर’ या नावाने ब्रिटनमध्ये विकायला आणली. ती गाडी टाटांच्या पुण्याच्या कारखान्यात तयार होत होती. एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर बुडाली आणि सहा हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. इंडिकामुळे कारखाना बुडाला असे कोणी म्हणू नये. तो अनेक वर्षांच्या तोट्याने बुडाला. पण लाँगब्रिजच्या माणसाच्या जागी उभे राहून पाहा : ब्रिटन संघात असताना, बाजारपेठ खुली असताना, जगाशी व्यापार वाढत असतानाच त्याचे काम गेले, आणि शेवटच्या काळात त्याच्या कंपनीची सगळ्यात छोटी गाडी सात समुद्र ओलांडून येत होती. आपल्यासाठी तो अभिमानाचा क्षण होता. पिंपरीतली गाडी इंग्रजांच्या रस्त्यावर धावली याचा आनंद खोटा नव्हता. तोच व्यवहार दुसऱ्या टोकाला कसा दिसला असेल, हे मात्र २०१६ मध्ये आपल्या प्रतिक्रियांतून फारसे कुठे दिसले नाही. अकरा वर्षांनी ‘संघातून बाहेर पडलात तर नोकऱ्या जातील’ असे कोणी त्याला सांगितले, तेव्हा ‘आत असतानाच गेल्या’ हे उत्तर त्याच्यापाशी तयार होते.

‘यात परकीयांचा द्वेष होता, तो का झाकता?’ असे विचारले जाईल. झाकत नाही. प्रचारात स्थलांतरितांविरुद्ध विखार होता आणि निकालानंतर वंशद्वेषी गुन्ह्यांच्या नोंदी वाढल्या, हे सत्य आहे. पण सगळा कौल त्यातून समजत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना या मतदानात हक्क होता. त्यामुळे हिंजवडीतून कंपनीच्या कामावर तिकडे गेलेला भारतीय पासपोर्टधारक अभियंता, मतदार यादीत नाव असेल तर, मत देऊ शकत होता, आणि तिथेच वीस वर्षे राहिलेल्या पोलिश किंवा फ्रेंच शेजाऱ्याला मात्र हक्क नव्हता. ब्रिटनमधल्या बहुसंख्य भारतीयांनी राहण्याच्या बाजूने मत दिले. तरी जवळपास एकतृतीयांश लोक दुसऱ्या बाजूला गेले. युरोपीय माणसाला मुक्त प्रवेश आणि आपल्या नातेवाइकांना मात्र व्हिसाच्या खेपा, ही त्यांची तक्रार होती, आणि प्रीती पटेल यांच्यासारख्या नेत्यांनी नेमकी तीच हेरली. या मतदारांना परदेशी माणूस नको होता असे म्हणता येणार नाही. ते स्वतःच बाहेरून आलेल्या घरांतले होते.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहू. इथे कारखान्याचे हित आणि गावाचे मत एकच असते का? पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झाले. त्यासाठी जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांच्या साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न प्राधिकरण २०२१ मध्ये बंद होईपर्यंत आणि त्यानंतरही गाजत राहिला. चाकण-खेड परिसरात विमानतळ व्हावा ही उद्योगांची कित्येक वर्षांची मागणी होती, तर ज्यांच्या शेतांवरून धावपट्टी जाणार होती त्यांचा तिला विरोध होता. शेवटी, जागेच्या तांत्रिक अडचणीही पुढे आल्यावर, २०१६ मध्येच सरकारने पुरंदरकडे मोर्चा वळवला. ‘विकासाला विरोध’ असे त्या शेतकऱ्यांनाही म्हटले गेले. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या द्याव्यात, असे शासन निर्णय महाराष्ट्रात १९६८ पासून निघत आले आहेत. तरी चाकण, म्हाळुंगे, निघोजे परिसरातल्या तरुणांची तक्रार तीच राहिली आहे, आणि त्याच वेळी मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला कंत्राटी कामगार परमनंट माणसाच्या शेजारी उभा राहून कमी पैशांत काम करतो आहे. या दोघांपैकी एकाचीही बाजू खोटी नाही. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये युरोपातला ओपेल-व्हॉक्सहॉलचा व्यवसाय फ्रेंच कंपनीला विकला, त्याच वर्षी भारतात गाड्या विकणे थांबवण्याचे ठरवले आणि २०२० अखेर तळेगावातले उत्पादन बंद केले. डेट्रॉइटमध्ये झालेल्या या निर्णयावर तळेगावच्या कामगाराला कोणी मत विचारले नव्हते. त्याला न्यायालयाचे दार ठोठावावे लागले.

सगळ्यात वजनदार आक्षेप परिणामांचा आहे. भाकिते खरी ठरली ना, असे विचारता येईल. जग्वार लँड रोव्हरने जुलै २०१८ मध्ये सांगितले की संघाशी वाईट करार झाला तर वर्षाला १२० कोटी पाउंडांहून अधिक फटका बसेल. जानेवारी २०१९ मध्ये तिने साडेचार हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात होंडाने स्विंडनचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. पण त्या काळात डिझेल गाड्यांची मागणी घटली होती आणि चीनमधली विक्री मंदावली होती. होंडानेही कारण म्हणून जगभरच्या उद्योगातल्या बदलांकडे बोट दाखवले होते. ब्रेक्झिटच्या अनिश्चिततेने नुकसान केले हे मी मानतो, फक्त सगळे नुकसान त्याच्या खात्यावर टाकत नाही. आपल्याकडेही असेच झाले. २४ जूनच्या पडझडीने भोसरीतल्या जॉबवर्क करणाऱ्या शेडची किती यंत्रे थांबली? तिथे खरा हादरा त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीने बसला, मग जीएसटीची घडी बसवताना आणि २०१९ च्या वाहन मंदीत. बाजाराच्या पडद्यावर जे मोठे दिसते ते शेडमध्ये तेवढेच मोठे असते असे नाही.

तरीही बाहेर पडण्याच्या प्रचाराला मी निर्दोष ठरवणार नाही. आठवड्याला ३५ कोटी पाउंड ब्रसेल्सला जातात हा बसवर रंगवलेला आकडा दिशाभूल करणारा होता आणि ब्रिटनच्या अधिकृत सांख्यिकी प्राधिकरणाने तसे मतदानाआधीच सांगितले होते. स्थलांतर कमी होईल हे आश्वासनही उलटले : जून २०२३ अखेरच्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांवर गेले, आणि त्यात भारतीय विद्यार्थी व नोकरदार मोठ्या संख्येने होते. मतदारांना फसवले गेले, हे मान्य. पण फसवणूक झालेला माणूस आणि हित न कळणारा माणूस यांत फरक आहे. पहिल्याची तक्रार खरी असते, म्हणूनच तिचा कोणी गैरफायदा घेऊ शकतो.

शेवटचा आक्षेप आपल्या फायद्याचा आहे. ब्रिटन संघात असता तर भारताशी स्वतंत्र व्यापार करार करूच शकला नसता. वाटाघाटी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या आणि २४ जुलै २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. त्यात सुट्या भागांना मिळणारी सवलत चाकणच्या पुरवठादारांच्या कामाची आहे, याबद्दल वाद नाही. मात्र ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या करारात एक अट आहे : शुल्कमाफीसाठी साधारणपणे गाडीच्या किमतीतला तिऱ्हाइत देशांच्या मालाचा वाटा ४५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. पूर्वी पुण्याहून गेलेला भाग एकदा शुल्क भरून ब्रिटनमध्ये शिरला की त्यापासून बनलेली गाडी जर्मनीत विकताना त्याचे मूळ कोणी विचारत नव्हते. आता तो या ४५ टक्क्यांत मोजला जातो. एका दाराने मिळालेली सवलत दुसऱ्या दाराशी अशी अडू शकते. ती अडली तर कपात कोणाच्या वाट्याला येईल, हे इथल्या कंपनीच्या लेखा विभागात ठरेल : आधी ठेकेदाराकडची माणसे कमी होतील, मग छोट्या व्हेंडरचा दर, आणि परमनंट कामगाराचा ओव्हरटाइम त्यानंतर. म्हणून कराराचे स्वागत करताना निर्यात किती वाढेल एवढेच विचारून भागणार नाही. वाढलेल्या कामातले किती काम कायम नोकरीचे असेल, आणि जमीन दिलेल्या गावांना त्यातले काय मिळेल, हे आजच विचारायला हवे. मूळ देशाच्या या नियमांचा हिशेब कारखान्यात प्रत्यक्ष कसा मांडला जातो, ते पुढील लेखात पाहू.